गोळी बंद करण्याआधी कार्डावरचं नाव तपासा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मला थायरॉइडचा कॅन्सर आहे, पॅपिलरी म्हणतात तो, आणि दोन्ही फुफ्फुसांत बारीक ठिपक्यांसारखा पसरलेला आहे. गळ्याची गाठ, सुईची तपासणी, ऑपरेशन हे सगळं नीट पार पडलं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते २०२४ च्या मे महिन्याबद्दल. तो महिना आठवला की अजूनही जीव चडफडतो.

आधी एक गोष्ट सांगते, कारण गावात हीच समजवता समजवता मी थकले. फुफ्फुसात गेला म्हणजे तो फुफ्फुसाचा कॅन्सर होत नाही. गळ्यातल्या थायरॉइडच्याच पेशी फुफ्फुसात जाऊन बसतात. थायरॉइडची पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेते, ही तिची सवय बहुतेक वेळा तिकडे गेल्यावरही सुटत नाही. म्हणून किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल गिळायला देतात. ते आयोडीन रक्तातून फिरत बरोबर त्या पेशींपर्यंत पोचतं आणि त्यांना आतून जाळतं. केस जात नाहीत. माझ्या जाऊबाईंनी पहिल्या दिवशी माझ्या वेणीला हात लावून रडायला सुरुवात केली होती. त्यांना मी सांगितलं, वेणी राहणार आहे.

पण ही कॅप्सूल घ्यायची तर शरीर आयोडीनसाठी भुकेलं पाहिजे. त्यासाठी थायरॉइडची उणीव भरून काढणारी रोजची थायरॉक्सिनची गोळी साधारण चार आठवडे बंद करतात, म्हणजे टीएसएच, थायरॉइडच्या पेशींना कामाला लावणारा रक्तातला घटक, वर चढतो. तो ३० च्या वर गेला की डोस देता येतो. (गोळी बंद न करता देण्याचं एक इंजेक्शनही असतं, पण ते महाग, आमच्या आवाक्यातलं नव्हतं.) शेवटचे दोन आठवडे आयोडीन नसलेलं जेवण. आयोडीनयुक्त मीठ बंद, दूध-दही बंद, अंडी-मासळी बंद, बेकरीचं आणि पाकिटातलं बंद, घरचं लोणचं-पापडसुद्धा बंद, कारण त्यातही तेच मीठ. मी वीस वर्षं गावातल्या बायांना सांगत आले की गलगंड टाळायचा तर आयोडीनचंच मीठ आणा. आणि माझ्या ताटात आता त्याचा एक कण चालत नव्हता. नागपूरहून बिनआयोडीनचं मीठ आणलं, ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी आणि वेगळ्या खलबत्त्यात कुटलेला ठेचा, एवढ्यावर दिवस काढले.

डोसची तारीख मिळाली २२ मे. म्हणून २४ एप्रिलला गोळी बंद केली. २७ ला नागपूरच्या हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे, म्हणजे सरकारी मोफत उपचाराच्या योजनेचे, कागद द्यायला तिथल्या आरोग्यमित्राकडे, योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाकडे, गेलो. ऑपरेशन आम्ही साधी गाठ समजून जिल्ह्याच्या ठिकाणी खासगीत, कापसाच्या पैशात केलं होतं, त्यामुळे योजनेचा हा पहिलाच प्रसंग. त्या पोरानं आधार पाहिलं, शिधापत्रिका पाहिली आणि म्हणाला, "ताई, या दोन बाया वेगळ्या आहेत."

माहेरी मी कुसुम. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, त्यावरून नोकरीत कुसुम, आधारवर कुसुम. १९९९ साली लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं, अर्चना. सासरच्या केशरी कार्डावर सासऱ्यांनी तेच चढवलं. पंचवीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही, रेशन दुकानात यांचाच अंगठा लागायचा. आता अडलं. मागच्या वर्षी लेकीचं लग्न झालं, तेव्हा मी व्याह्यांना आधीच हात जोडले, तांदळाचं ताट मांडा, सुपारी ठेवा, पण नाव लिहू नका. पोरीचं आहे तेच नाव राहिलं.

आरोग्यमित्राचा दोष नाही. दोन नावांवर तो मंजुरीसाठी प्रस्ताव पाठवू शकत नव्हता. त्यानं सांगितलं, आधार बदलायचं तर राजपत्रात नाव छापून आणावं लागेल, त्यापेक्षा कार्डावरचं नाव दुरुस्त करा, सोपं आहे.

सोमवारी, २९ एप्रिलला आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. पुरवठा शाखेच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आचारसंहिता चालू हाये. नवीन काही होत नाही."

मी म्हटलं, नवीन कार्ड नको, जुन्या कार्डावरची दुरुस्ती आहे. दवाखान्याचं पत्र दाखवलं. त्यानं हातात न घेता लांबूनच पाहिलं. आमच्याकडचं मतदान २६ लाच आटोपलं होतं, पण साहेब अजून निवडणुकीच्याच कामात.

दुसऱ्या खेपेला लग्नाचा दाखला मागितला. आमच्या लग्नाची नोंदच नाही. मग तिथल्याच एका टायपिस्टनं सांगितलं म्हणून शंभराच्या स्टॅम्पवर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, सरपंचांचा आणि तलाठ्याचा दाखला जोडला. तिसऱ्या खेपेला हे एकटे गेले, कारण मला उठवत नव्हतं, तर म्हणे, "बाईले समक्ष आणा." चौथ्या खेपेला मी गेले, तर तोच माणूस, "एवढ्या उन्हात पेशंटले काहून आणलं?"

तेव्हा मी काय अवस्थेत होते ते सांगायलाच हवं. गोळी बंद होऊन तीन आठवडे झालेले. यवतमाळचा मे महिना, घरातले सगळे कूलरसमोर, आणि मी मागच्या खोलीत गोधडी पांघरून. पापण्या सुजून डोळे अर्धेच उघडायचे. हातातल्या बांगड्या निघेनात, साबण लावून दोन काढल्या, बाकीच्या तशाच राहिल्या. आवाज इतका घोगरा झाला की बहिणीनं फोनवर ओळखलं नाही. बस स्टँडपासून कचेरीपर्यंत एरवी दहा मिनिटं लागतात, मला पाऊण तास लागला, मध्ये एका पानठेल्याच्या बाकावर दोनदा बसले. खिडकीवर अर्ज भरायला दिला, तर मी, जी रोज सात-आठ रजिस्टरं भरते, मला अर्जदाराचं नाव कुठे लिहायचं ते सापडेना. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. शाल घेतलेली पाहून रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुले ताप हाये काय व?" आणि तिनं तिचा नंबर मला दिला. त्या खिडकीसमोर मला मिळालेली तेवढीच दया.

पाचव्या खेपेला सर्व्हर बंद. त्याच दिवशी मला कळलं की आमच्या अर्जाला आवक क्रमांकच पडलेला नाही. म्हणजे एवढे दिवस आमचा कागद कुठेच नव्हता, त्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये होता. हे लक्षात ठेवा. कोणत्याही कचेरीत अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी स्वतः सरकारी कामात असून हे विसरले, याचं मला वाईट वाटतं.

२२ मे गेला. ते आयोडीन मुंबईहून पेशंटच्या तारखेनुसार मागवतात आणि दर ८ दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते, त्यामुळे आणून ठेवता येत नाही. माझा टीएसएच तेव्हा ९६ होता. डॉक्टर म्हणाले, आता गोळी सुरू केली तर पुन्हा चार आठवडे बंद करावी लागेल. तुम्ही अजून दोन आठवडे काढाल का? पुढची तारीख ५ जून. मी हो म्हटलं. घरी येताना एसटीत यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं. खांदे हलत होते. मी काही बोलले नाही, बोलायला आवाजही नव्हता.

३० मे ला आम्ही थेट नायब तहसीलदार बाईंच्या दारात जाऊन बसलो. शिपायानं उठवलं, उठलो नाही. बाई निवडणुकीच्या कामातून नुकत्याच आपल्या टेबलवर आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागद पाहिले, त्या माणसाला आत बोलावलं आणि समोर बसवून संगणकावर नाव बदलून घेतलं. भिंतीवर घड्याळ होतं, मी पाहत होते. अकरा मिनिटं लागली. एकतीस दिवस ज्याच्यासाठी वणवण केली ते काम अकरा मिनिटांचं होतं. बाईंनी छापील प्रत हातात दिली आणि विचारलं, "आधी माझ्याकडे का नाही आलात?" मला रडू आलं. आभार मानायचे राहिले, ते नंतर पत्र लिहून मानले. खिडकीवरच्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

योजनेची मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली.

म्हणून सांगते. डॉक्टरांनी "डोस द्यावा लागेल" म्हटलं की त्याच दिवशी आधार आणि शिधापत्रिका शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. काना-मात्रा, जन्मसाल, सगळं. योजनेची मंजुरी मार्गी लागल्याशिवाय गोळी बंद करायची तारीख घेऊ नका, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते ऐकतात. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८ आहे. मला तो फार उशिरा कळला.

डोसच्या खोलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शिशाच्या जाड डबीतून कॅप्सूल आली, पाण्याबरोबर गिळली, तीन दिवस एकटी राहिले. भरपूर पाणी प्यायचं, लाळेच्या ग्रंथींना त्रास होऊ नये म्हणून सांगतील तेव्हापासून आंबट गोळ्या चघळायच्या, संडासात दोनदा पाणी सोडायचं. रोज दाराशी उभं करून अंगातून किती किरण निघतात ते मीटरनं मोजतात, आकडा मर्यादेखाली आला की सुट्टी. जुने कपडे न्या, आणि चपलाही जुन्याच. तिसऱ्या दिवशी गोळी पुन्हा सुरू झाली आणि आठवडाभरात बांगड्या हातात फिरू लागल्या.

घरी आल्यावरचे दिवस मला जास्त जड गेले. लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्यापासून लांब राहायचं असतं. माझं कामच लहान मुलं आणि गरोदर बाया. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस मी अंगणवाडीच्या वाटेलाही गेले नाही. मदतनीस ताईंनी वजनं घेतली, मी फोनवर आकडे लिहून घेतले. शेजारचा तीन वर्षांचा पोरगा कुंपणाशी येऊन "मॅडम, ये ना" म्हणायचा, आणि मी घरात जायची.

सातव्या दिवशी स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. दोन्ही फुफ्फुसं भरून काळे ठिपके, रानात बोंडं फुटावीत तसे सगळीकडे. मी घाबरले, तर ते म्हणाले, हे चांगलं आहे. ठिपके दिसतात म्हणजे आयोडीन तिथे पोचलंय. ज्यांच्यात ते पोचतच नाही त्यांच्यासाठी वेगळी औषधं शोधावी लागतात. त्या दिवसापासून मी "फुफ्फुसात आहे" हे वाक्य न घाबरता म्हणू लागले.

एक राहिलं. सीटी स्कॅन करायचा असेल तर "आयोडीनचा डोस घ्यायचा आहे" हे तिथे आधीच सांगा. सीटीच्या वेळी शिरेतून जे औषध देतात त्यात भरपूर आयोडीन असतं, ते घेतलं की डोस काही आठवडे पुढे जातो. माझा साधा सीटी झाला, कारण डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. जखमेवर लावायचं ते तपकिरी औषधही त्या काळात नको.

दुसरा डोस २०२५ च्या जानेवारीत झाला. तेव्हा कार्ड, आधार, मंजुरी सगळं आधी, मग गोळी बंद. बरोबर चार आठवडे, एक दिवस जास्त नाही. थायरोग्लोब्युलिन नावाची रक्ततपासणी असते, त्यावरून कॅन्सर किती शिल्लक ते कळतं. पहिल्या डोसच्या वेळी ती ५४० होती, दुसऱ्याच्या वेळी ६१, आता ९. ती नेहमी एकाच लॅबमध्ये करा, आणि तिच्याबरोबर अँटिबॉडीची तपासणीही सांगा, नाहीतर आकडा फसवू शकतो.

सकाळी पाच वाजता उपाशीपोटी गोळी घेते, तासभर चहा नाही. कॅल्शियमची गोळी चार तासांनी. टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात म्हणून कधी छातीत धडधडतं. कापूस वेचताना धुळीनं खोकला येतो, तेव्हा बांधावर बसते. बाकी सगळं करते. गेल्या महिन्यात सहा किलोमीटर चालत गृहभेटी केल्या.

पुढचं रक्त १२ तारखेला द्यायचं आहे. कागदांची पिशवी भरून खुंटीला लावली आहे. त्यात सगळ्यात वर ती छापील प्रत, ३० मे तारखेची, कुसुम नावाची.