दाढीचा ब्रश: पैसे झुपक्याचे, मुठीचे नव्हेत

शुक्रवार, म्हापशाचा बाजार

दाढीचे ब्रश मिळतात ते बहुधा कंगवे, नेलकटर, पात्यांची पाकिटं यांच्याच ढिगात. चकचकीत मूठ, गळ्याशी सोनेरी पट्टा, वर पारदर्शक डबी. स्वस्त ब्रशात पैसे जातात ते या सजावटीत, आणि फेस करायचा असतो केसांच्या झुपक्याने. दुकानदार डबी उघडून हात लावू देत नसेल, तर पुढचं दुकान बघावं.

आधी माप. केस जिथे मुठीत शिरतात, त्या बुंध्याचा व्यास २२ ते २४ मिलिमीटर असला की रोजच्या दाढीला उत्तम. बाजारात मोजपट्टी कोण घेऊन जातं? पण खिशात नाणी असतात. १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, आणि २०१९ च्या मालिकेतलं १ रुपयाचं २० मिलिमीटरचं. बुंधा या दोहोंच्या मध्ये बसला पाहिजे. त्याहून बारीक झुपका फेस धरून ठेवत नाही, अर्धा चेहरा झाला की पुन्हा क्रीम घ्यावं लागतं. फार जाड झुपका नाकाखाली वळत नाही आणि क्रीम पोटात दडवून ठेवतो. मुठीपासून टोकापर्यंत केसांची उंची ५० ते ५५ मिलिमीटर असावी. साठीच्या वर गेलेला झुपका भिजला की लुळा पडतो.

मग अंगठ्याने केस बाजूला सारून मुळाशी पाहायचं. सहज तळ दिसला, वाळलेला गोंद दिसला, म्हणजे झुपका विरळ. बाहेरून भरगच्च दिसणारे कित्येक ब्रश आतून पोकळ असतात. तळहातावर दाबून सोडला की झुपका लगेच उभा राहायला हवा. चिमटीत थोडे केस धरून हलका हिसका द्यावा: एखाददुसरा केस आला तर चालेल, पाच-सहा आले तर परत ठेवावा. शेवटी टोकं मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा गालावर गोल फिरवायची. दुकानात बोचलं ते घरीही बोचणार. अपवाद डुकराच्या केसांचा, त्याबद्दल पुढे.

शनिवार

केस कशाचे, यावर लोक उगाच हळवे होतात. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश म्हणजे श्रीमंती, असा समज आहे. पण ‘प्युअर बॅजर’ असं लिहिलेला माल त्या जातीतला सगळ्यात खालचा असतो, आणि या प्रतवारीला कुठलाही एकच ठरलेला नियम नाही. हात आखडता असेल तर बॅजरच्या वाटेला जाऊ नये.

डुकराच्या केसांचा ब्रश खरंच चांगला असतो. इटलीचा ओमेगा, पोर्तुगालचा सेमोग यांची ख्याती त्याच्यावरच आहे. तो नवा असताना राठ लागतो, थोडा वासही मारतो. पंधरा-वीस वेळा वापरला की टोकं दुभंगतात आणि मऊ होतात. मात्र दर वेळी तो चार-पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवावा लागतो, कारण हा केस पाणी पितो. आणि पितो म्हणूनच वाळायला वेळ घेतो. शिवाय डुकराचा केस काही घरांत चालत नाही, हेही घेण्याआधी विचारलेलं बरं.

उरला सिंथेटिक. इथे एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. जुन्या पद्धतीचा जाड नायलॉन टोकापर्यंत सारखाच जाड असतो, तो गाल खरवडतो. नवा तंतू टोकाकडे निमुळता होत जातो, तो मऊ लागतो आणि पाणी पीत नाही. साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत असा बरा ब्रश मिळतो. गोव्याच्या हवेत माझं मत सरळ याच्याच बाजूने आहे.

वापरण्यात एकच खोच आहे. हा ब्रश पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे ओला तसाच साबणावर फिरवला तर पातळ फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. भिजवून दोन-तीनदा जोरात झटकायचा, बदामाएवढं क्रीम घ्यायचं आणि पाणी नंतर थेंबाथेंबाने घालायचं. घट्ट साबण असेल तर त्यावर वीस सेकंद पुरे. फेस चकचकीत दिसला पाहिजे. कोरडा आणि फुगीर असेल तर पाणी कमी पडलंय. मोठे बुडबुडे दिसले तर जास्त झालंय.

रविवार, पाऊस

जूनपासून सप्टेंबरपर्यंत न्हाणीघरात टॉवेल वाळत नाही, तिथे ब्रश कुठला वाळणार? घट्ट झुपका वरून कोरडा लागतो आणि मुळाशी ओला राहतो. तिथेच कुबट वास धरतो, काळे ठिपके येतात, आणि केस मुळाशी कुजून तुटू लागतात. ब्रश उभा ठेवावा की उलटा टांगावा, यावर फार वाद होतात. खरा फरक पडतो तो हवेने. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवायचा, झुपका मुठीत दाबायचा (पिळायचा नाही), झटकायचा, टॉवेलवर दोन-चारदा फिरवायचा आणि न्हाणीघराबाहेर पंखा लागेल अशा जागी ठेवायचा. ती पारदर्शक डबी प्रवासापुरती, तीही ब्रश वाळल्यावर. लाकडी मूठ दिसते देखणी, पण वॉर्निशला तडा गेला की पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं आणि चिरतं. आपल्याकडे प्लास्टिक किंवा रेझिनची मूठच बरी.

पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा थर केसांवर बसतो आणि मऊ ब्रशही राठ होतो. एक भाग व्हिनेगर, दहा भाग कोमट पाणी, त्यात पाच मिनिटं बुडवून स्वच्छ धुवायचा. माडाचं व्हिनेगर गाळून घेतलं तर तेही चालतं. वाटीत ब्रश उभा दाबून घुसळला की मधले केस मोडतात आणि झुपक्याच्या मधोमध खळगा पडतो, टोकांनीच फिरवायचा.

अख्खा झुपका हातात आला, तर दोष बहुधा उकळत्या पाण्याचा. गोंद मऊ पडतो. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम असावं. निघालेला झुपका फेकू नये: खाचेतला जुना गोंद खरवडून काढायचा, आतली बाजू सँडपेपरने खरबरीत करायची, पूर्ण कोरडी झाली की ॲरल्डाइटचे दोन्ही भाग सारखे मिसळून मटारच्या दाण्याइतकाच गोळा तळाशी लावायचा. जास्त झालं तर ते केसांत वर चढतं आणि तिथे झुपका कायमचा ताठ होतो. बसवून उभा ठेवायचा आणि २४ तास पाणी लावायचं नाही. ऐंशी रुपयांच्या ब्रशासाठी ॲरल्डाइट नवं आणणं परवडत नाही, घरात उघडलेलं असेल तरच हा उद्योग.