घंटा वाजली की हातातलं काम खाली

फ्रान्सच्या बाजूच्या सेंट-जाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंतची वाट साधारण 780 किलोमीटरची. येशूचा शिष्य संत याकोब याच्या समाधीकडे जाणाऱ्या या वाटेवर मध्ययुगापासून माणसं चालत आली आहेत. मी निघाले तेव्हा डोक्यात प्रार्थना, मौन, डोंगरावरची पहाट असलं बरंच काही होतं. प्रत्यक्षात यात्रेकरूचा दिवस कामांतच जातो. आल्बेर्गेत, म्हणजे तिथल्या धर्मशाळेत पोचायचं, यात्रेच्या वहीवर शिक्का मारून घ्यायचा, खाट मिळवायची, अंघोळीच्या रांगेत उभं राहायचं, मोजे धुवायचे, टाचेचे फोड बघायचे आणि दहाला दिवे मालवले की घोरणाऱ्यांच्या मधोमध झोपायचं. बहुतेक ठिकाणी एकाच रात्रीचा मुक्काम, म्हणजे रोज बिऱ्हाड मांडा आणि रोज मोडा.

खरं तर ख्रिस्ती माणसाला याचं नवल वाटू नये. येशूच्या आयुष्यातल्या पहिल्या तीसेक वर्षांबद्दल शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली त्याची चरित्रं, जवळजवळ गप्पच आहेत. तो नासरेथचा सुतार होता, एवढं कळतं. पुनरुत्थानानंतरही, योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, तो किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी तयार ठेवून शिष्यांना ‘या, न्याहारी करा’ म्हणतो. मरणावर मात करून आलेला प्रभू आधी विस्तवापाशी दिसतो, याचं मला फार अप्रूप आहे.

वाटेवर या विषयावरच्या गप्पांत दोन नावं हमखास निघतात. एक आविलाची संत तेरेसा (1515–1582). आपल्या मठातल्या जोगिणींना तिने लिहून ठेवलंय की आज्ञेने स्वयंपाकघरात राबावं लागलं तर समजा, प्रभू भांड्याकुंड्यांतही वावरतो. दुसरा ब्रदर लॉरेन्स, सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेली मठात स्वयंपाक करणारा. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ त्याच्या लेखी वेगळी नव्हती. जात्याशी देव येऊन बसतो हे जनाबाईकडून ऐकलेल्या मराठी कानाला हे लगेच पटतं. फारच लगेच पटतं, आणि तिथेच मला शंका येते. ‘काम हीच प्रार्थना’ हे वाक्य ज्याला प्रार्थनाही नको आणि कामाचा कंटाळाही कबूल करायचा नाही, त्याच्याही सोयीचं आहे. लॉरेन्सचं तसं नव्हतं. त्याला स्वयंपाकाची मुळात नावड होती आणि तो लंगडतही असे. पुढे त्याच्याकडे मठातल्या वहाणा दुरुस्त करायचं काम आलं. पायांना फोड आलेल्या माणसाला हा ब्रदर जास्त जवळचा वाटतो.

पिसुएर्गा नदीच्या अलीकडे सान निकोलास नावाची जुनी दगडी वास्तू आहे. एक इटालियन मंडळ तिथे यात्रेकरूंची सोय करतं. आत वीज नाही, जेवण मेणबत्त्यांच्या उजेडात. जेवणाआधी सगळ्यांना अर्धवर्तुळात बसवतात आणि सेवेकरी एकेकाचा पाय तांब्यातल्या पाण्याने धुतात, पुसतात, त्याचं चुंबन घेतात. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. माझ्या शेजारी एक फ्रेंच बाई होती. गेले काही दिवस आम्ही पुढेमागे चालत होतो. ‘मी काही मानत नाही’ असं तिने पहिल्या भेटीतच सांगून टाकलं होतं. तिने पाय पुढे केला खरा, पण चेहरा पार अवघडलेला. जेवणानंतर मात्र भांडी घासायला सगळ्यांत आधी तीच उठली आणि कुणालाही हात लावू देईना.

पाय आणि भांडी यांचं नातं तिथल्या लोकांनी नव्याने शोधलेलं नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले, त्यांतला पस्तिसावा अध्याय स्वयंपाकाच्या पाळीचा आहे. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला नसेल, तर कुणालाही सुटका नाही. आठवडा संपला की पाळी संपलेल्याने आणि नव्याने लागणाऱ्याने मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, भांडी स्वच्छ आणि शाबूत परत करायची. कोठीवाल्यासाठी वेगळा अध्याय आहे: मठातली सगळी अवजारं आणि सामानसुमान त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखंच मानायचं. अध्यात्माच्या पुस्तकात भांडी मोजून परत घ्यायला सांगणारा हा माणूस मला फार आवडतो.

पण त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, आणि गप्पांत ते कुणी काढत नाही. प्रार्थनेचा इशारा झाला की हातात असेल ते काम तिथल्या तिथे सोडून निघायचं. देवाच्या कामापुढे दुसरं काही नाही. याच्याशी माझी गाठ राबानाल देल कामिनोला पडली. डोंगर चढायच्या आधीचं हे छोटं गाव. तिथे बेनेडिक्टी मठ आहे आणि संध्याकाळची प्रार्थना ग्रेगोरियन, म्हणजे जुन्या चर्चगायनाच्या सुरांत लॅटिनमधून होते. माझे कपडे दोरीवर ओले, आभाळ भरून आलेलं, आणि घंटा झाली. कपडे काढू की जाऊ? मी गेले. स्तोत्रांच्या पहिल्या काही ओळींत माझं सगळं लक्ष दोरीकडेच होतं. मग ते आपोआप सुटलं. मोजे अर्थातच भिजले.

लूकच्या शुभवर्तमानात येशू घरी आला असता मार्था राबते आणि तिची बहीण मरीया येशूच्या पायांशी बसून ऐकते. मरीयेवर प्रवचन देणाऱ्यांना जेवण मात्र मार्थेच्या हातचं आणि वेळेवर लागतं, हे मी बघत आलेय. येशू मार्थेला बोलतो ते तिच्या काळजीबद्दल, दगदगीबद्दल. योहानाच्या बाराव्या अध्यायात त्यांच्या गावी, बेथानीला, पुन्हा जेवण आहे, मार्था पुन्हा वाढतेच आहे, आणि या वेळी कुणी तिला काही म्हणत नाही. त्याच्या आधीच्या अध्यायात, भाऊ वारला असताना, ‘तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस’ हे तिनेच बोलून दाखवलेलं असतं. वाढणं तेच, ते थांबवून ती एकदा त्याच्यासमोर उभी राहिलेली आहे. घंटेशिवायचं काम हळूहळू नुसतं काम होऊन जातं, असं माझं मत राबानालच्या त्या संध्याकाळी झालं आणि पुढे गालिसियाच्या पावसात चालताना ते बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी क्रुस दे फेर्रो लागतो. लाकडाच्या उंच खांबावर लोखंडी क्रूस, खाली यात्रेकरूंनी आणलेल्या दगडांचा ढीग. लोक तिथे रडतात. मला रडू आलं नाही, थंडी होती.

सांतियागोला यात्रेकरूंच्या कार्यालयात शिक्के तपासतात आणि का आलात ते विचारतात. कारण धार्मिक किंवा आध्यात्मिक असेल तर ‘कोम्पोस्तेला’ नावाचं लॅटिन प्रमाणपत्र, नसेल तर वेगळा कागद. फ्रेंच बाईने दुसरा कागद घेतला आणि तो नीट गुंडाळून पिशवीत ठेवला. आदल्या दिवसापासून आम्ही दोघीही कपडे धुवायच्या यंत्राचीच वाट बघत होतो. बाहेर आल्यावर तिने विचारलं, चर्चमधली यात्रेकरूंची मिस्साप्रार्थना किती वाजता आहे? वेळ होतच आली होती. कपडे दुसऱ्या दिवशी धुतले.