पुढे उभे राहिलेले दोघे

9 मार्च 2025 च्या रात्री दुबईत भारताने न्यूझीलंडला चार गडी राखून हरवले आणि चॅम्पियन्स करंडक जिंकला, तेव्हा मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मुख्य चौकात बंदोबस्तावर होतो. त्या रात्री आमच्या गावात काहीही घडले नाही आणि स्टेशन डायरीतही तशीच नोंद आहे. तरीही मी केलेल्या सगळ्या बंदोबस्तांत तीच रात्र मला पुन्हा पुन्हा आठवते, कारण काही न घडण्यामागे ज्या दोघांचा हात होता, त्यांनाच पुढे आमच्या ठाण्यातून नोटीस गेली.

गणेशोत्सव, आंबेडकर जयंती किंवा उरूस यांचा बंदोबस्त मोठा असला तरी त्याला धरायला काहीतरी असते. परवानगीचा अर्ज असतो, मार्ग ठरलेला असतो, अध्यक्षाचा फोन नंबर आपल्याकडे असतो आणि शांतता समितीच्या बैठकीत सगळ्यांनी एकमेकांसमोर शब्द दिलेला असतो. सामना जिंकल्यावर निघणाऱ्या मिरवणुकीत यांपैकी काहीच नसते. ती कोठून निघेल, कोणत्या गल्लीत वळेल आणि कोणाच्या सांगण्यावरून थांबेल, हे तिच्यात असलेल्यांनाही ठाऊक नसते. अशा रात्री सामन्यात काय चालले आहे हे मी षटकांच्या हिशेबाने पाहतो, कारण सामना किती वाजता संपणार हाच माझ्या कामाचा प्रश्न असतो.

त्या दिवशी रमजानचा पहिला आठवडा नुकताच सरला होता. चौकापासून हाकेच्या अंतरावर मशीद आहे आणि तिथली तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची, नमाज दहाच्या सुमारास सुटते. न्यूझीलंडने 251 धावा केल्या होत्या, आपला पाठलाग सावकाश चालला होता आणि आठ वाजता हिशेब केला तेव्हाच लक्षात आले की दोन्ही गोष्टी एकाच वेळी संपणार. मशिदीसमोरच्या रस्त्यावर रमजानचे खाण्याचे गाडे लागलेले असल्याने तिथून जेमतेम एक जीप जाईल एवढीच वाट उरते. आरसीपीची, म्हणजे दंगल नियंत्रण पोलिसांची, तुकडी जिल्ह्याच्या ठिकाणी राखीव होती. माझ्याकडे बीट अंमलदार, काही होमगार्ड आणि एक व्हॅन एवढेच बळ होते.

त्याआधीची संध्याकाळ मात्र मला मुद्दाम सांगायची आहे. चौकातल्या एका हॉटेलवाल्याने बाहेर पडदा लावला होता. रोजा सोडून आलेली मुले आणि दुपारपासून बसलेली मुले एकाच बाकावर दाटीवाटीने बसली होती. कोणाच्या हातात खजूर, कोणाच्या हातात चहा. विराट कोहली एका धावेवर पायचीत झाला तेव्हा सगळ्यांच्या तोंडून निघालेला 'अरे!' एकच होता, आणि रोहित शर्माच्या 76 धावांतल्या प्रत्येक षटकाराला उडालेली टोपी कोणाची हे कोणी पाहत नव्हते. क्रिकेट माणसे जोडते हे वाक्य भाषणात ऐकले की मला कंटाळा येतो, पण त्या बाकावर ते खरे होते. मात्र जोडणारा तो बाक होता, शेजारी बसणे होते. जिंकल्यानंतर बाक रिकामा होतो, मोटारसायकली निघतात, झेंडे उंच होतात, इतर वस्त्यांतून चेहरा झाकलेली अनोळखी पोरे येऊन मिळतात, आणि मघाशी शेजारी बसलेला मुलगा आता 'तिकडचा' होतो. हे अर्ध्या तासात घडते.

रवींद्र जडेजाने विजयी चौकार मारला आणि काही मिनिटांतच बुलेटच्या सायलेन्सरचे फटाक्यांसारखे आवाज चौकाकडे येऊ लागले. मी व्हॅन तिरकी लावून घेतली होती, म्हणजे मशिदीकडचा रस्ता बंद न दिसता आपोआप अरुंद होईल आणि बाजारपेठेकडचा रस्ता मोकळा दिसेल. रस्ता पूर्ण अडवला की जमाव तिथेच साचतो. वाट दाखवली तर तो वळतो. दुकानदारांना शटर ओढले तरी दिवे चालू ठेवण्यास सांगितले होते, कारण अंधारात आलेल्या एका दगडावरून शंभर अफवा उठतात. इतके करूनही पुढची पंधरा-वीस वाहने मशिदीच्या तोंडाशी पोहोचलीच, आणि नेमके तेव्हाच नमाजी बाहेर पडू लागले. पुढचे थांबू पाहत होते, पण मागच्यांना पुढे काय आहे ते दिसत नव्हते, त्यामुळे रेटा वाढत होता. अशा वेळी पुढच्याला काठी दाखवून उपयोग नसतो, कारण त्याला मागे जायला जागाच नसते. हे अनेक वरिष्ठांना अजूनही पटत नाही.

त्या वेळी दोन तरुण मधे आले. एकाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, दुसरा नळजोडणीची कामे करतो. एक मिरवणुकीतून आला, दुसरा मशिदीतून. दोघेही गावाच्या टेनिस बॉल संघात खेळतात. दोघांनी हात वर केले आणि एकेकाला नावाने हाका मारायला सुरुवात केली. "ए, गाडी बंद कर. तुझ्या बापाला फोन लावू का?" ज्याचे नाव घेतले गेले त्याने इंजिन बंद केले. नळवाला पाठीमागे वळून म्हणत होता, "चाचा, दोन मिनिट आतच थांबा, मी आहे इथे." मी मागच्या टोकाला धावलो आणि मागच्या गाड्या बाजारपेठेकडे वळवल्या. रेटा सुटला. त्याच रात्री मध्य प्रदेशात महू येथे विजयाची मिरवणूक मशिदीजवळ आली असता दगडफेक आणि जाळपोळ झाली. सकाळी ती बातमी वाचताना मला आमचा चौक दिसत होता.

दोन-तीन दिवसांनी कोणीतरी काढलेली चित्रफीत फिरू लागली. तिच्यात आवाज नीट नाही. दिसतात ते फक्त जमावापुढे हात वर करून ओरडणारे दोन तरुण. वरून आदेश आला की चित्रफितीत अग्रभागी दिसणाऱ्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच बजावली जाणारी, नोटीस द्यावी. मी लेखी अहवाल दिला, घडलेला प्रकार तपशिलाने मांडला आणि दोघांची नावे वगळण्याची विनंती केली. यादी पुढे गेली आहे, असे उत्तर आले. आमच्या नोंदवहीत उपद्रवी व्यक्तींसाठी रकाना आहे. ज्याने उपद्रव थांबवला त्याच्यासाठी नाही. 1988 च्या सुमारास भिवंडीत पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि डिसेंबर 1992 मध्ये, बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या दंगलींत, ते शहर शांत राहिले, हे खात्यात आम्हाला अभिमानाने सांगितले जाते. त्या समित्या अशाच ओळखीच्या माणसांच्या होत्या.

28 सप्टेंबरला आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान अंतिम सामना होता आणि नवरात्र चालू होते. मी आदल्या दिवशी दोघांना फोन केला. मोबाइल दुकानवाला अतिशय आदराने बोलला. "साहेब, तुमच्याबद्दल काही नाही. पण घरचे म्हणतात, या वेळी चौकात दिसायचं नाही." नळवाल्यानेही तेच सांगितले. त्या रात्री मी आरसीपीची तुकडी मागून घेतली आणि ती मिळाली. यादीतून ती दोन नावे काढण्यासाठी माझा दुसरा अहवाल सध्या प्रलंबित आहे.