आमची वाटचाल : कळमन्याच्या अडतीपासून कार्यक्रमांच्या मांडवापर्यंत

कार्यक्रमांचे आयोजन करणाऱ्या आमच्या फर्मची नोंदणी २०११ साली झाली असली, तरी तिची सुरुवात त्याआधी आठ वर्षे, नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याच्या एका अडतीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या पेढीवर झाली, असे मी मानतो. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी तेथे दिवाणजी म्हणून लागलो. पहाटे गाड्या लागायच्या, लिलाव व्हायचा, हमालांच्या टोळ्या माल उतरवायच्या आणि दुपारच्या आत सगळे निघालेच पाहिजे, असा दंडक होता; कारण संत्रे कोणासाठी थांबत नाही. कार्यक्रमही थांबत नाही, हे मला पुढे कळले. सहा वाजताचा दीपप्रज्वलनाचा क्षण चुकला, तर तो दुसऱ्या दिवशी स्वस्तात विकता येत नाही.

पहिले काम ओळखीतूनच मिळाले. ठिबक सिंचनाचे साहित्य विकणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी आम्ही काटोलला शेतकरी मेळावा ठेवला. तीनशे खुर्च्या मांडल्या आणि जेमतेम साठ माणसे आली. आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तयार होणाऱ्या संत्र्यांची तोडणी ऐन भरात होती आणि संत्र्याचा बागायतदार त्या दिवसांत बाग सोडून भाषणे ऐकायला येत नाही, ही गोष्ट माझ्याइतकी कोणाला ठाऊक असणार? तरीही सभागृह कधी मोकळे आहे एवढेच पाहून आम्ही तारीख ठरवली होती. अडतीवरचे सगळे शहाणपण मी जणू जुन्या सदऱ्यासोबत खुंटीला टांगून आलो होतो. एका कामात कमावलेले कौशल्य दुसऱ्या कामात आपोआप येत नाही, ते जाणूनबुजून उचलून आणावे लागते, हा धडा मला त्या रिकाम्या खुर्च्यांनी दिला. त्या व्यापाऱ्याने पुन्हा काम दिले नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

त्यानंतर आम्ही कार्यालयात स्वतःची दिनदर्शिका ठेवू लागलो. तीत आंबिया बहराचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तयार होणाऱ्या मृग बहराचा असे संत्र्याचे दोन्ही हंगाम आहेत. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात, त्यामुळे त्या परिसरात कार्यक्रम ठेवायचा नाही, अशी नोंद आहे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असले की हॉटेलांच्या खोल्या मिळत नाहीत आणि पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात, म्हणून परवानग्यांचे अर्ज बरेच आधी करायचे, हेही तीत लिहिलेले आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे मैदानावरचा कार्यक्रम सातपूर्वी सुरू करण्यात अर्थ नसतो. दुसरीकडे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. म्हणजे हाती उरतात ते तीनच तास, आणि त्यांतही आभारप्रदर्शन करणारा गृहस्थ माइक सोडायला तयार नसतो.

अडतीवरून आणलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हिशेबपट्टी. विक्रीची रक्कम, त्यातून वजा झालेली अडत, हमाली आणि तोलाई, असे सगळे एका कागदावर ओळीने मांडून शेतकऱ्याच्या हाती देण्याची तेथे रीत होती. कार्यक्रमांच्या धंद्यात मात्र ‘पॅकेज’ म्हणून एकच मोठा आकडा सांगण्याची पद्धत मला दिसली. आम्ही बिछायत (मांडव, खुर्च्या वगैरे), ध्वनिव्यवस्था, जनरेटरचे डिझेल आणि आमचे कमिशन वेगवेगळे लिहू लागलो. याचा तोटाही झाला. एका ग्राहकाने आमचीच पट्टी घेऊन थेट बिछायतवाल्याला गाठले. पण जे टिकले ते वर्षानुवर्षे टिकले, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर १८ टक्क्यांची ओळ वाढली, तेव्हा त्यांपैकी कोणाशीही वाद झाला नाही.

सहकारीही असेच वेगवेगळ्या वाटांनी आले. मंचाची सूत्रे सांभाळणाऱ्या आमच्या ताई पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हजेरी, धडा आणि गृहपाठ बसवण्याची सवय असल्याने त्यांचे मिनिटवार वेळापत्रक सहसा कोलमडत नाही. प्रायोजक मिळवण्याचे काम नागपूरच्या महाल भागातला एक तरुण पाहतो. त्याने गणेशोत्सव मंडळासाठी अनेक वर्षे वर्गणी गोळा केली आहे. बोहनी होण्याआधी दुकानदाराकडे पैसे मागू नयेत आणि गेल्या वर्षीची पावती सोबत न्यावी, हे त्याला सांगावे लागले नाही. विपणनाच्या पुस्तकी ज्ञानाला मी कमी लेखत नाही, पण समोरच्याचा चेहरा पाहून बोलणे मध्येच थांबवण्याची त्याची हातोटी मी वर्गात कोणाला शिकवू शकलो असतो, असे मला वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हातातली सगळी कामे रद्द झाली. तेव्हा मृग बहराचा माल बागांत पडून होता. आमच्याकडे गृहनिर्माण सोसायट्यांचे संपर्क होते आणि गाड्यांचे वेळापत्रक बसवण्याची सवय होती. परवानग्या काढून आम्ही काही आठवडे थेट सोसायट्यांच्या दारात संत्री पोहोचवली. नफा नावापुरताच झाला, पण पगार थांबले नाहीत.

आज आम्ही आठ जण आहोत. मुलाखतीत मी पदवीपेक्षा याआधी काय केले, हे जास्त विचारतो आणि ‘काही नाही’ हे उत्तर स्वीकारत नाही. घरच्या लग्नात पंगती कोणी सांभाळल्या, इथपर्यंत खोदून विचारतो. यंदा प्रथमच इव्हेंट मॅनेजमेंटची पदविका घेतलेला एक मुलगा आमच्याकडे रुजू झाला आहे. त्याला पहिला आठवडा रोज पहाटे कळमन्याला पाठवले. परतल्यावर त्याने हमालांच्या टोळ्या कशा पाळीने लागतात याचा नकाशा काढून दाखवला, आणि पुढच्या प्रदर्शनात स्टॉलवाल्यांचे सामान त्याच पद्धतीने उतरवू, असे तो म्हणाला.