तुम्ही विचारलंत म्हणून: आयफेल टॉवरचा फोटो कुठाय?

पॅरिसहून परत आले की फोटो बघायला माणसं घरी जमतात, आणि विसाव्या-पंचविसाव्या फोटोला कुणीतरी विचारतंच, "अगं, या सगळ्या दुकानांच्या काचाच आहेत. आयफेल टॉवर कुठाय?" यंदा हे इतक्या जणांनी विचारलं, की म्हटलं, एकदा बसून नीट सांगावं.

टॉवर मला आवडतो. पण तो कुठे जात नाही. या खेपेला फोटो राहिला तर पुढच्या खेपेला काढता येतो. दुकानाची काच अशी थांबत नाही. आज बघितलेली मांडणी आठवड्याभरात उतरवलेली असते आणि ती पुन्हा कुणाला दिसणार नसते. शिवाय ती कुणीतरी मुद्दाम माझ्यासाठी, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसासाठी केलेली असते. काही विकत न घेता दुकानं बघत हिंडण्याला फ्रेंचमध्ये 'लेश-व्हित्रीन' म्हणतात. शब्दशः अर्थ, काचा चाटणं. ज्या लोकांनी हा शब्द केला, त्यांना काचेपुढे रेंगाळणं नक्कीच ठाऊक होतं.

एक सकाळ सांगते. सीन नदीच्या डाव्या काठावरच्या एका गल्लीत हातमोज्यांचं छोटंसं दुकान होतं. दुकान उघडायचं होतं, आणि मालकीणबाई नुसत्या पायमोज्यांवर शोकेसमध्ये चढून बसल्या होत्या. राखाडी रंगाचा एक मोजा त्यांनी उचलला, दोन बोटं डावीकडे सरकवला, बोटांची टोकं जरा वाकवली. मग खाली उतरून, चपला घालून, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेल्या आणि तिथून बघितलं. परत आत. मोजा पुन्हा एक बोट उजवीकडे. असं तीनदा झालं. त्यांचं लक्ष गेल्यावर मी आधी 'बोंजूर' म्हटलं. तिथे हे म्हटल्याशिवाय दुकानदाराशी पुढचं बोलणं सुरूच करायचं नसतं. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि कुणाच्या तरी बोटांचा ठसा काचेवर राहिला होता तो स्वेटरच्या बाहीने पुसून दिला. माझ्याकडे पॅरिसचे जेवढे फोटो आहेत, त्यांतला तो राखाडी मोजा मला सगळ्यात प्रिय आहे.

काचेत माझं प्रतिबिंब कसं येत नाही, हेही विचारता. सोपं आहे. रबरी लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला लावायचं रबरी कडं, काचेला टेकवायचं, म्हणजे बाजूचा उजेड आत येत नाही. टेकवता येत नसेल तर पोलरायझर फिल्टर, म्हणजे काचेवरची चकाकी अडवणारी, लेन्सवर लावून फिरवायची चकती. पण काचेच्या अगदी समोर उभं राहिलात तर तो काहीच करत नाही. बाजूला सरकून काचेशी साधारण 35 अंशांचा कोन धरला, की फिल्टर फिरवता फिरवता समोरची इमारत विरत जाते आणि आतलं सगळं स्वच्छ दिसायला लागतं. संध्याकाळी दुकानातले दिवे लागलेले असतात आणि आभाळात अजून निळं शिल्लक असतं, तेव्हा यातलं काहीच लागत नाही. आणि पाऊस असेल तर मी सरळ गालरी व्हिव्हिएनमध्ये शिरते. 1823 साली बांधलेली ही छपराची गल्ली आहे. पायाखाली मोझेइक, डोक्यावर काच. तिथला उजेड वरून गाळून येतो. घाई करावीशीच वाटत नाही.

कित्येक वर्षं मी अशी प्रतिबिंबं घालवण्याच्याच मागे होते. मग युजेन आत्जेचे फोटो नीट बघितले. हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1927 साली वारेपर्यंत जड लाकडी कॅमेरा आणि 18 बाय 24 सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा घेऊन पॅरिस टिपत राहिला. जुने दरवाजे, जिने, पाट्या, दुकानं. चित्रकारांना संदर्भाला लागतील म्हणून तो हे फोटो विकायचा. बुलव्हार द स्त्रासबूरवरच्या कॉर्सेटच्या, म्हणजे बायकांच्या कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांच्या, दुकानाचा त्याचा 1912 सालचा फोटो प्रसिद्ध आहे. पण मी अडकले ती 1925 च्या सुमाराच्या एका फोटोपाशी, अव्हेन्यू दे गोबलँवरच्या. शोकेसमध्ये पुरुषांचे सूट घातलेले, छान हसणारे पुतळे आहेत, आणि त्यांच्या अंगावरून समोरची झाडं आणि समोरची इमारत काचेत उतरली आहे. सूट कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं, कळत नाही. ते दुकान, ते पुतळे, त्या दिवसाचा उजेड, सगळं त्या एका काचेवर आलंय. हे सगळं काम विखरून गेलं असतं. बेरेनिस अ‍ॅबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी ते जपलं, आणि 1968 मध्ये ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेलं.

तेव्हापासून फिल्टर बहुतेक वेळा बॅगेतच असतो. दुकानदाराने मांडलेलं आत, शहराने मांडलेलं बाहेर, आणि मला दोन्ही हवं असतं. एखाद्या बेकरीच्या काचेत पावांवरून सायकल जाते. ऑगस्टमध्ये बरीच छोटी दुकानं सुट्टीसाठी बंद होतात. दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असतो, अमुक तारखेला परत येतो म्हणून, आणि त्या अक्षरांवर समोरच्या बाल्कनीची लोखंडी जाळी पडलेली असते. असे कागद तर मी किती टिपले असतील. प्रत्येकाचं अक्षर वेगळं.

यंदा त्या हातमोज्यांच्या गल्लीत गेले. दुकान बंद झालं होतं. सुट्टीचा कागद नव्हता. तिथे रिकाम्या दुकानांच्या काचांना आतून पांढरी खडू फासतात, तशी ती काच फासलेली होती. हाताचे मोठे मोठे गोल फटकारे. खाली एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा फासायची राहून गेली होती. तिथून वाकून बघितलं, तर शोकेसची रिकामी फळी दिसली, आणि तिच्यावर उन्हाने उडालेल्या रंगात बोटांच्या आकाराचे काही गडद डाग, मोजे ठेवलेले असायचे तिथे. मी हूड काचेला टेकवलं आणि फोटो काढला.