आमची वाटचाल: जांभळ्या बुचाची ट्यूब आणि जुनं रजिस्टर

२००९ ला बार्शीत रक्त-लघवी तपासणीची लॅब टाकली तेव्हा एक सेकंडहँड सेल काउंटर (रक्तपेशी मोजायचं मशीन), एक सेमी-ऑटो (शुगर, युरिक ॲसिडसारख्या तपासण्यांचं मशीन) आणि सरांचा मायक्रोस्कोप एवढंच होतं. सर म्हणजे आमचे पार्टनर, रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट. मशीन काहीही छापू दे, स्लाइड बघितल्याशिवाय सही करायचे नाहीत. पहिली दहा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग समोरच एका मोठ्या कंपनीचं कलेक्शन सेंटर आलं. एसी, मोबाईलवर रिपोर्ट, आणि डॉक्टरांना कट. आम्ही कट कधी दिला नाही, अजून देत नाही, त्यामुळे चार महिन्यांत दिवसाचे ४० पेशंट होते ते ६ वर आले, रिएजंटवाल्याने (तपासणीची रसायनं पुरवणाऱ्याने) उधारी बंद केली आणि ज्यांचे रिपोर्ट आम्ही रात्री दोनला उठून दिले तेच डॉक्टर रस्त्यात दिसले की मोबाईलमध्ये डोकं घालायचे. नाव घेत नाही, त्यांना कळेल.

राहिल्या एकट्या गायनॅक मॅडम. त्यांची एक पहिलटकरीण, ३३ वा आठवडा, मधल्या दोन तपासण्या समोरच्या सेंटरला झालेल्या. प्लेटलेट १ लाख ५५ हजार, म्हणजे कागदावर नॉर्मल. सर म्हणाले जुन्या रिपोर्टांचं रजिस्टर काढ. बाराव्या आठवड्यात तिच्याच २ लाख ८० हजार! गरोदरपणात थोड्या उतरतात, एवढ्या नाही. युरिक ॲसिड ६.८, एलडीएच (पेशींची मोडतोड दाखवणारं एन्झाइम) पण वाढलेलं. मॅडमना फोन केला, बीपी १५०/१००, लघवीत प्रोटीन टू प्लस, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळ दोघांना धोक्यात आणणारा आजार. लगेच सोलापूरला पाठवली, चार दिवसांत प्लेटलेट लाखाच्या खाली, सिझर झालं, दोघंही सुखरूप.

मधले रिपोर्ट नंतर बघितले. २ लाख १०, मग १ लाख ८०. दोन्ही नॉर्मलच छापलेले. चूक नाही म्हणा, पण बघणारं कोण होतं?

नवीन लॅबवाल्यांनो, विचारलं नाही तरी सांगतो. प्लेटलेट एकदम कमी आल्या तर पेशंटला घाबरवायच्या आधी स्लाइड करा, जांभळ्या बुचाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएत (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) कधीकधी प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन त्या मोजत नाही, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त परत घ्या, त्यातल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं म्हणून आकडा १.१ ने गुणायला विसरू नका. नुसत्या युरिक ॲसिडवर प्रीएक्लॅम्पसिया ठरत नाही, बीपीचा पट्टा आधी. प्रीएक्लॅम्पसियाचा धोका सांगणारी पीएलजीएफ रेशोची नवी रक्ताची टेस्ट चांगलीच आहे, पण आमच्याकडच्या किती जणींना परवडते? सीबीसी, म्हणजे प्लेटलेटसकट रक्तपेशींची मोजणी, तर प्रत्येकीचं होतंच.

सर २०२१ ला गेले. आता सही करायला नवीन डॉक्टर येतात, त्यांच्यापुढे गरोदर बाईचा रिपोर्ट ठेवताना शेजारी रजिस्टरचं जुनं पान उघडूनच ठेवतो.