आठ सेकंदांचा एक नॅनोमीटर

पॉलिश पेपरने घासून तांब्याची पट्टी लखलखीत झाली की एमएस्सीच्या पोरांना वाटतं, आता हे शुद्ध तांबं. मी सांगते, तुम्ही हात धुऊन येईपर्यंत त्यावर क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग, बसलंसुद्धा. एक-दोन नॅनोमीटरचा थर डोळ्याला काय कळणार!

‘पण मॅडम, आहे हे कशावरून?’ असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. यासाठी पुण्यात पाषाणला जाऊन एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) महागड्या मशीनपुढे रांग लावायची गरज नाही. ऑक्साइड मोजायला अँमीटर, व्होल्टमीटर आणि घड्याळ पुरतं.

पट्टी सोडियम हायड्रॉक्साइडच्या 0.1 मोलर द्रावणात बुडवायची, निगेटिव्हला जोडायची आणि दर चौरस सेंटिमीटरला 0.1 मिलिअँपिअर असा बारीक, स्थिर करंट सोडायचा. ऑक्साइडचं परत तांबं होऊ लागतं. स्क्रीनवर पोटेन्शियलची, म्हणजे पट्टीच्या व्होल्टेजची, रेघ जवळजवळ आडवी चालत राहते. थर संपला की ती एकदम खाली घसरते आणि थोड्या वेळात पट्टीवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे धरतात. आडवी रेघ किती सेकंद टिकली, तेवढंच वहीत लिहायचं.

पुढचा हिशेब बारावीचा. क्युप्रस ऑक्साइडची घनता 6, रेणुभार 143, एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन, फॅरडे (एका मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार) 96,485 कूलोम. गुणाकार-भागाकार केला की एका चौरस सेंटिमीटरवरच्या एक नॅनोमीटर थराला साधारण 0.8 मिलिकूलोम लागतात. म्हणजे आपल्या करंटला आठ सेकंद. मीटरचा अब्जावा भाग भिंतीवरच्या घड्याळात मोजता येतो, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

हाच खेळ उलटाही करता येतो. पट्टी पॉझिटिव्हला लावून पोटेन्शियल हळूहळू चढवलं की करंटला आधी एक उंचवटा येतो, तो क्युप्रस ऑक्साइडचा. पुढे दुसरा, मोठा. तिथे काळं क्युप्रिक ऑक्साइड आणि निळसर हायड्रॉक्साइड तयार होतं. मग करंट पडतो, कारण थराने खालचं तांबं झाकलेलं असतं. पण ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंगने जसा जाड, इन्सुलेटर थर चढवतात, तसा इथे चढत नाही. तांब्याचं ऑक्साइड सेमीकंडक्टर. क्युप्रस ऑक्साइडच्या जाळीत तांब्याच्या काही जागा रिकाम्या राहतात, त्यामुळे ते पी-टाइप होतं, म्हणजे त्यात धन भाराच्या ‘पोकळ्या’ वीज वाहून नेतात. सिलिकॉनच्या आधी, 1920 च्या दशकापासून, तांब्याच्या चकत्यांवर हाच थर चढवून रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारे भाग, करत. सिलॅबसमध्ये हे एका ओळीत उरकलंय, याचा मला राग आहे.

प्रयोगाच्या जर्नलात आकडा लिहिण्याआधी दोन गोष्टी बघा. द्रावणातून नायट्रोजन नीट सोडलाय ना? विरघळलेला ऑक्सिजनही करंट खातो आणि थर आहे त्यापेक्षा जाड दिसतो. दुसरं म्हणजे खडबडीत पट्टीचं खरं क्षेत्रफळ फूटपट्टीने मोजलेल्यापेक्षा जास्त भरतं. त्यामुळे 3.47 नॅनोमीटर असं कुणी लिहून आणलं की मी दशांश खोडते.

पट्टी कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलीत तरी चालेल. फक्त चकाकी टिकावी म्हणून लॅकर (पारदर्शक वार्निश) मारलेली नको, एवढं दुकानात विचारून घ्या. लॅकरखालून करंट जाणारच नाही, मग रेघ आडवी कुठली यायला!